मशीन चालू, काम बंद

बाबा,

आज नांदगाव खंडेश्वरच्या पुढे एका पोकलेनवर गेले होते. इंजिन तापतंय असा कोड स्क्रीनवर येत होता, तो वाचायला. काम झालं, ऑपरेटरने मशीन बंद करायला चावीला हात घातला आणि माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "एकदम बंद नको करू भाऊ, तिले दम घेऊ दे." तो हसला, थांबला. मला मात्र तिथे उभं राहवेना. लॅपटॉप आवरला आणि गाडीत जाऊन रडले.

ते तुम्ही मला शिकवलंत तेव्हा मी सातवीत होते. शाळेला सुट्टी, तुम्ही अकोल्याबाहेर कालवा खोदताय आणि मी डबा घेऊन आले आहे. बाकीचे ऑपरेटर जेवायच्या घाईत चावी फिरवून उड्या मारतात. तुम्ही आधी बकेट जमिनीवर टेकवता, सीटशेजारचा लाल लिव्हर वर ओढता, म्हणजे चुकून हात लागला तरी मशीन हलत नाही, आणि मग तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवता, आतला टर्बो थंड होईपर्यंत. भाजी गार होतेय म्हणून मी कुरकुरते. "मानूस खाली उभा असते, माय," तुम्ही लिव्हरकडे बोट दाखवून म्हणता. "आपन वर बसतो म्हून थे इसरायचं नाही."

अमरावतीत मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही जुन्या शहरातल्या सीटकव्हरवाल्याकडून लॅपटॉपसाठी रेक्झिनची पिशवी शिवून आणलीत. ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन, लालभडक. मला लाज वाटली होती, खोटं कशाला बोलू. माझं काम तुम्हाला जादूसारखं वाटायचं. मशीनमधला डबा सगळं ऑफिसात पाठवतो: इंजिन किती तास चाललं, डिझेल किती जळलं, लिव्हर वर आहे की खाली. पुढे तुमच्या मालकाची मशीन माझ्याच यादीत आली आणि तुम्ही गल्लीभर सांगत सुटलात, "आता माही पोरगी मले अमरावतीहून पाह्यते." आई सांगायची, तुम्ही कामावर जाताना शर्टाला इस्त्री करू लागला होतात.

मग तो उन्हाळा. रोज दुपारी जेवणानंतर माझ्या स्क्रीनवर तुमच्या मशीनची रेघ पिवळी व्हायची, म्हणजे मशीन चालू, काम बंद. पंचवीस मिनिटं, कधी तीस. मालकाचा ऑफिसात फोन आला आणि माझ्या साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, हे तुझे वडील ना? मी तिथूनच तुम्हाला फोन लावला.

"बाबा, रोज अर्धा अर्धा तास मशीन रिकामी चालू ठेवून काय करता?"

"काही नाही बाई. तिले दम घेऊ देऊन राहिलो."

"तीन मिनिटं पुरतात. तुम्हीच शिकवलंय ना? इथे माझी मान खाली जाते."

तुम्ही म्हणालात, "बरं. आता नाही होनार." आणि खरंच, चार दिवस रेघ हिरवीगार. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला मी हसत सांगितलं, आले एकदाचे वठणीवर. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, छातीचं दुखणं महिना-दीड महिन्याचं असावं, माणूस विश्रांती घेऊन घेऊन काम रेटत असणार. इंजिन बंद केलं असतं तर खालचे लोक वर बघायला आले असते, म्हणून तुम्ही ते चालू ठेवत होता. ते चार दिवस तुम्ही माझ्या शब्दाखातर दम न घेता काम केलंत, बाबा. हे मला सहन होत नाही.

पाचव्या दिवशी तुम्ही सीटवरच गेलात. तुमच्या सोबत्यांनी सांगितलं, बकेट जमिनीला टेकलेली होती, लाल लिव्हर वर ओढलेला होता, इंजिन चालू होतं. इतकं दुखत असताना तुम्हाला खाली उभ्या असलेल्या माणसांची आठवण होती. तो डबा तेलाचा दाब सांगतो, पाणी किती तापलं ते सांगतो. सीटवरच्या माणसाला काय होतंय, हे त्याला कळत नाही. मला विचारता आलं असतं. "बाबा, बरं वाटत नाही का?" एवढंच. मी मानेची गोष्ट काढली.

आता पिवळी रेघ दिसली की मी आधी ऑपरेटरची तब्येत विचारते. साहेब वैतागतात. एकाला अमरावतीत दवाखान्यात पाठवलं, त्याचं पित्त निघालं. हसले सगळे. हसू देत.

हे पत्र घडी करून त्या लाल पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवणार आहे. आई त्या पिशवीला हात लावत नाही. तेराव्यानंतर तिने मला एकदाच विचारलं होतं, "तुले तर सारं दिसते न? त्या दिवशी काहून नाही दिसलं?" मी सांगितलं, साइटवर होते, रेंज नव्हती. तिला पटलं. मी ऑफिसातच होते, बाबा. ती रेघ पन्नास मिनिटं माझ्यासमोर पिवळी होती. पुन्हा सुरू केलं यांनी, असं वाटून मला तुमचा राग आला होता, म्हणून मी फोन केला नाही.