सोनगीरच्या जीपचे यू-बोल्ट

आबा,

काल सोनगीरची ती जुनी जीप पुन्हा आपल्या शेडमध्ये आली. मालक आता थकलेत, उतरताना गुडघ्यावर हात ठेवतात. म्हणाले, "शेतरस्त्याला फार आदळते. स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून द्या." मी तुमच्यासारखंच विचारलं, गाडीत बसतं कोण, माल किती असतो? दोन माणसं आणि ठिबकच्या नळ्या, एवढंच. मग पाटे वाढवले तर गाडी आणखी कडक होईल, हे त्यांना समजावलं. सपाट फरशीवर उभी करून टेपने दोन्ही बाजूंची उंची मोजली. डावीकडचा पाटा बसला होता. एकच बाजू बदलली तर गाडी तिरकी चालते, म्हणून दोन्हीकडची जोडी बदलायची ठरली. हे सगळं बोलताना माझा आवाज तुमच्यासारखा येत होता, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

तुम्ही असताना ही जीप आली होती, तेव्हा मी तिशीला आलो होतो, हाताखालचा पोऱ्या नव्हतो. हीच जीप, हेच काम. पाटे ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट एकदा ताणले की पुन्हा तशी पकड घेत नाहीत, ते दर वेळी नवेच घालायचे, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं असेल. त्या मापाचे नवे शेडमध्ये नव्हते. बाजारात जाऊन आणायचे तर माझी जळगावची बस चुकणार होती. मित्राच्या हळदीला जायचं होतं. मी जुनेच तारेच्या ब्रशने घासले, तेल लावलं आणि कसले. तुम्ही हात धुता धुता विचारलंत, "बठ्ठा नवा शेतस ना?" मी म्हणालो, "हो, आबा, सगळे नवे."

चौथ्या दिवशी फोन आला. आपण दोघं गेलो. जीप सोनगीरच्या अलीकडे रस्त्याखाली उतरलेली, मागचा ॲक्सल एका बाजूने सरकलेला. मालकीणबाईंचा हात मोडला होता, त्यांना दवाखान्यात नेलं होतं. तुम्ही उकिडवे बसता, सैल झालेला यू-बोल्ट बोटांत फिरवून बघता. आट्यांवर जुन्या नटाची खूण स्पष्ट दिसते आहे. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघता. मग उठून मालकांना म्हणता, "चूक मनी शे, भाऊ. मना ध्यानमा उनं नही."

मी तिथेच उभा होतो. बोललो नाही. येताना रस्ताभर मी वाट बघत राहिलो की तुम्ही रागवाल, कानाखाली माराल. धुळ्यात शिरल्यावर तुम्ही फक्त म्हणालात, "दवाखान्यात उद्या डबा न्यायला हवा." महिनाभर तो डबा तुम्ही स्वतः नेलात.

मालकांनी मात्र सगळीकडे सांगितलं, "आबानी नजर गयी आते." जुनी गिऱ्हाईकं येऊन तुमच्यासमोरच मला म्हणू लागली, "तुम्हीच करा." तुम्ही पाना माझ्या हातात देऊन बाकावर जाऊन बसायचात. शेवटपर्यंत बसलात. तुम्ही गेलात तेव्हा मालक भेटायलाही आले नाहीत.

काल काम संपल्यावर ते म्हणाले, "तुमचा हात चांगला. आबांची शेवटी नजर गेली होती." मी म्हणालो, "नजर चांगली होती, काका. ते बोल्ट मी बसवले होते. जुने."

ते जीपला टेकले. मग विचारलं, "आबांना माहीत होतं?"

"हो."

"मी त्यांच्याशी पुन्हा बोललोसुद्धा नाही," ते म्हणाले. चावी घेतली आणि गेले. चार दिवस चालवून गाडी आणा, यू-बोल्ट पुन्हा कसून देतो, असं मी मागून सांगितलं. ते येतील की नाही, ठाऊक नाही.

काल त्यांना सांगितलं म्हणून मोकळं वाटेल असं वाटलं होतं. पण एक गोष्ट त्यांनाही सांगितली नाही, आणि तुम्ही असता तर तुम्हालाही हे पत्र दिलं नसतं. आबा, मी भीतीने गप्प बसलो होतो, हे पहिल्या दिवसापुरतंच खरं आहे. नंतर लोक तुम्हाला ओलांडून माझ्याकडे यायचे, तेव्हा मला बरं वाटायचं.