त्या कापसाच्या पिल्लाचे डोळे

अब्बा, आज दुपारपासून माझं कशातच चित्त नाही. भाजी करपली, एका ब्लाउजची बाही उलटी जोडली, शेवटी मशीन बंद केली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्हाला जाऊनही वर्षं लोटली, तरी बसले. झालं असं, की तुमची नात अरबीच्या क्लासवरून आली आणि चप्पल काढायच्या आधीच विचारू लागली, "अम्मी, जो जानदाराची मूरत बनवते, त्याले वर गेल्यावर म्हनतात का, आता यात जान टाक म्हनून? मंग नानाले बी म्हनलं असन का?" आणि तिनं पलंगावरच्या कापसाच्या पिल्लाकडे बोट दाखवलं. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमच्या हातचं तेवढं एक पिल्लू पाहिलंय, आणि त्यावरून तिनं तुम्हाला थेट अल्लाहसमोर उभं केलं.

तुम्हाला आठवतं ना ते? घाटंजीत आपलं दुकान होतं, पुढे गाद्या भरायचं काम आणि पडद्यामागे संसार. तुम्ही पिंजलेला कापूस माझ्या केसांत, अम्मीच्या डाळीत, तुमच्या दाढीत. मी शेजारच्यांच्या टीव्हीवर एक जपानी कार्टून बघायला पळायचे. त्यात पोरं अजब प्राणी पकडायची, पाळायची आणि एकमेकांशी झुंजवायची. चिप्सच्या पाकिटातून त्या प्राण्यांच्या गोल चकत्या निघायच्या. साऱ्या गल्लीला त्यातला पिवळा हवा असायचा. मला मात्र तो तपकिरी आवडायचा, लांब कानांचा, झुपकेदार शेपटीचा, मानेभोवती पांढरीशुभ्र लव असलेला. ती चकती मी तुमच्या पुढ्यात धरते आहे आणि तुम्ही कापूस पिंजायची धुनकी बाजूला ठेवून, डोळे बारीक करून बघताय. "हे कोल्हं हाय का ससं? अन् याच्या मानीले रुई कोनं गुंडायली?" मी तुम्हाला गंभीरपणे समजावते, की हा पुढे काय होणार ते ठरलेलं नसतं, आगीचा होईल, पाण्याचा होईल, जसं मिळेल तसं. तुम्ही खो खो हसलात. "मंग तं आपल्यासारखंच हाय. आपलं तरी कुठं ठरलं, पुढं काय करायचं थे!"

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. त्या वर्षांत कापसाचं सगळंच बिनसलं होतं. आपल्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते वाईटच बातमीत. ज्यांच्या घरी लग्नाला नव्या गाद्या भरायच्या, ते जुनीच गादी पिंजून न्यायला लागले, मग तेही येईनात. शहरातून फोमच्या गाद्या टेम्पोत बसून यायच्या. तुम्ही रिकाम्या दुकानात बसून जुन्या खोळीचं तपकिरी कापड कापलंत आणि माझं पिल्लू शिवलंत. मानेला असा मऊ कापूस लावलात की मी गाल घासत बसले. मग चेहरा बघितला आणि भोकाड पसरलं. चेहरा कोराच होता. "आपन डोये नाई लावत, बेटा," तुम्ही म्हणालात, "डोये आले का मूरत झाली."

बाजारात विकायलाही तुम्ही तशीच पिल्लं केलीत, आणि प्रत्येकासोबत कागदाच्या पुडीत दोन काळी बटणं. गिऱ्हाईक विचारायचं, "चाचा, हे आंधयं काहून?" तुम्ही पुडी पुढे करायचात, "डोये तुमी घरी लावा ना." लोक हसायचे, पण न्यायचे. मलाही तुम्ही पुडीच दिलीत. मी ती फेकली. "याले डोये नाईत तं याले मी कशी दिसन?" म्हणाले आणि जेवायला उठले नाही. अम्मी म्हणाली, आणा इकडं, मी लावते. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी इतकी वर्षं नुसतं लक्षात ठेवलं होतं, आज ते कळलं. "राहू दे. गुन्हा लागनच तं एकाले लागू दे, दोघाले कायले?" मग दाराकडे पाठ करून बसलात. जाड गादीतून दाभण सहज आरपार काढणारा तुमचा हात त्या दोन बटणांपाशी अडखळत होता. शिवून झाल्यावर वजू केलात आणि नमाजला उभे राहिलात. मी पिल्लू घेऊन अंगणात पळाले.

आज मौलवीसाहेबांना फोन केला. ते हसले. "लहान लेकरांच्या खेळण्याले चालते बाई, कायले घाबरता?" पोरगी लगेच खेळायला गेली. माझी तगमग मात्र आणखी वाढली. कारण अब्बा, तुम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही गुन्हा समजलात आणि तरी केलात. अल्लाह नीयत बघतो म्हणतात, त्यानंच तर माझा जीव खालीवर होतोय. तुमच्या नीयतीत काय होतं? भीती होती, आणि मी होते. त्यातलं कोणतं तिथे मोजतात ते मला कोणाला विचारायचं ते कळत नाही.

मघाशी कात्री घेतली. टोक बटणाखाली घातलंसुद्धा. तुमचा तो गादीचा दोरा, अजून घट्ट आहे. तेवढ्यात पोरगी पाणी प्यायला आत आली. "अम्मी, काय करून राह्यली तू?" मी कात्री काढून घेतली. काही नाही म्हणाले.

डोळे राहू देते, अब्बा. मला तुमच्यावर रागही येतो, इतकं भिऊन होतात तर एका पोरीचा हट्ट मोडता आला नाही? आणि मोडला असता तर मी काय केलं असतं, तो विचारही नको वाटतो. तिथे तुम्हाला विचारलं तर तुमच्या सवयीनं मान खाली घालून गप्प बसू नका. माझं नाव सांगा. म्हणा, पोरीनं मागितले होते, तिलाच विचारा. मी येईन तेव्हा बोलेन जे बोलायचं ते. हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून इथेच राहील.

आणि हे कोणाला सांगितलेलं नाही, पोरीलाही नाही. इतकी मोठी झाले, तरी ते असतं त्या खोलीत कपडे बदलायचे असले की मी आधी त्या पिल्लाचं तोंड भिंतीकडे करते.