आईने भरायचा रकाना

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. घडलं ते क्रमाने लिहिते.

१. ऑफिसात साहेबांनी नवं यंत्र दाखवून सांगितलं, "कसं वाटतं, अगदी मोकळेपणाने बोला."
२. मी त्यातल्या सतरा चुका मोकळेपणाने सांगितल्या.
३. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "अगं बाई, तू ऑटिस्टिक तर नाहीस?"
४. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांच्या प्रश्नावलीतले चार प्रश्न संदिग्ध होते, ते दुरुस्त करून दिले. डॉक्टरबाई हसल्या, "असं करणाऱ्या तुम्ही या महिन्यातल्या तिसऱ्या."

घाबरू नकोस, हा आजार नाही आणि तुझं काहीही चुकलेलं नाही. पण फोन करण्याआधी सगळेच जण वाक्यं पाठ करतात, असं मला आजवर वाटायचं. करत नाहीत म्हणे. मग मी इतकी का दमते, ते मला कळायला हवं.

सोबतच्या तपासणी-अर्जातली लहानपणची माहिती तूच देऊ शकतेस. पाहुणे आले की मी पलंगाखाली जायचे का? किती वेळ? "शहाणी होती" एवढंच लिहू नकोस, त्याला रकाना नाही.

बाबा कसे आहेत? प्रश्न वाचताना त्यांचीच फार आठवण आली. त्यांना एवढ्यात सांगू नकोस.

तपासणी सोळा तारखेला आहे. बारा तारखेपर्यंत उत्तर पाठव.

तुझी,
धाकटी