घटक चारमधली एक ओळ

४ जुलै २०२३, सिहोरा

साहेबांनी परत तीच पीडीएफ पाठवली! 'अपूर्णांक कसे शिकवावेत' — सगळी पानं तिरपी स्कॅन केलेली, एका पानावर तर कोणाचा तरी अंगठा. शिक्षकांच्या ऑनलाइन प्रशिक्षणात हा म्हणे घटक चार. फोनवर म्हणाले, "टाकून द्या मॅडम पोर्टलवर. कोण वाचून राहिलं!"

मी तालुक्याची 'आशय समन्वयक'. पद ऐकायला मोठं. काम काय, तर साहेब पाठवतील ते वर चढवायचं आणि तालुक्यातल्या गुरुजींनी ते 'पूर्ण' केलं की नाही ते बघायचं. वर शाळेतला पाचवीचा वर्ग आहेच, तो कुठे सुटलाय!

नाही चढवणार तो अंगठा. मी स्वतः लिहीन.

८ जुलै

लिहिते आहे. रोज थोडं थोडं, थेट पोर्टलच्या चौकटीतच. आधी कागदावर लिहा, मग उतरवा — कोणाला वेळ आहे!

आमच्या पोरांना एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा वाटतो. का, तर चार हा तीनपेक्षा मोठा. खरी अडचण ही आहे, आणि पीडीएफमध्ये तिचा पत्ता नाही. तिथे पिझ्झा आहे. सिहोऱ्यात पिझ्झा!

मी धानाची बांधी घेतली, म्हणजे बांध घातलेला शेताचा तुकडा. एक बांधी तीन भावांत वाटली. तेवढीच बांधी चार भावांत वाटली. कोणाच्या हिश्शाला जास्त आलं? पोर झोपेतसुद्धा बरोबर सांगेल. घराघरात हिश्शांची भांडणं ऐकतच तर वाढतात ती.

छान उतरलंय. माझं मलाच आवडलं.

१६ जुलै

कोर्स सुरू होऊन चार दिवस नाही झाले तर निम्म्या तालुक्याचा पहिला घटक 'पूर्ण'! स्क्रीनवर हिरव्या खुणाच खुणा. एवढे विद्वान या तालुक्यात होते आणि मला माहीतच नव्हतं.

मधुकरराव सर — आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, पुढच्या वर्षी निवृत्त — काल बैठकीत सगळ्यांदेखत सांगत होते, "मी तं व्हिडिओ लावून देतो आन दाढी कराले बसतो. दाढी झाली का घटक बी झाला!" सगळे खो खो हसले. चाचणीची उत्तरंही म्हणे मोबाइलवर फिरतात. आणि उद्या हेच वर्गात जाऊन पोरांना दटावणार — कॉपी करू नका रे!

२२ जुलै

आज एक खोडी केली. घटक चारच्या अगदी मधोमध एक ओळ घुसवली — 'इथपर्यंत वाचणाऱ्यांनी खालील क्रमांकावर फोन करावा. बक्षीस म्हणून चहा आमच्याकडून.'

नाव दिलं नाही, माझा नंबरही नाही. तो सगळ्यांकडे आहे. एखादा वाचेल आणि बाकीच्यांना सांगेल, करा रे फोन, मॅडम खूश होतील. म्हणून नवऱ्याच्या जुन्या बटणाच्या फोनमधलं सिम कामाला लावलं. तो नंबर कोणालाच माहीत नाही. फोन फ्रिजवर ठेवला आहे, स्वयंपाक करताना ऐकू येईल असा.

हे म्हणाले, "कायले जीव जाळतं रत्ना? कोनी नाही करत फोन."

२४ जुलै

फोन नाही.

३१ जुलै

वाजला! कणीक मळत होते, तशीच धावले. एक बाई गोड आवाजात विचारत होती, कर्ज हवंय का म्हणून.

हे बाहेरून ओरडले, "काय झालं? तुह्या चायले गिऱ्हाईक भेटलं काय?" जेवण होईपर्यंत बोलले नाही त्यांच्याशी.

९ ऑगस्ट

घटक चार — सगळे 'पूर्ण'. एकूण एक! आणि फोन मुका.

काय म्हणावं या जमातीला? पगारवाढीचं पत्रक आलं की त्यातला स्वल्पविरामसुद्धा सोडत नाहीत. तेव्हा चष्मे सापडतात, तेव्हा वेळ असतो. इथे मात्र बोटाने खाली ढकललं, की झालं ज्ञान!

राग येतो, असं मी लिहिते आहे. खरं तर रडू येतं. सगळ्यांनी नसतं वाचलं तरी चाललं असतं. एकाने वाचायचं होतं. एकाने!

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर साहेबांनी माईकवरून माझं कौतुक केलं. "शंभर टक्के पूर्णता!" टाळ्या. मधुकरराव सरांच्या सर्वांत जोरात — आज दाढीही गुळगुळीत होती.

मग साहेबांनी मला बाजूला घेतलं. "घटक चार अजून तुमच्याच मनाचा हाय म्हणे? जिल्हाभर एकसारखं पाहिजे मॅडम. पीडीएफ टाका." जुलैपासून तिसऱ्यांदा सांगताहेत. दोनदा मी भांडले, आज नुसतं 'बघते' म्हटलं. भांडायचं तरी कोणासाठी?

महिनाअखेरपर्यंत एक फोन आला तर ठेवीन. नाही तर काढून टाकीन.

३१ ऑगस्ट

काढलं. पोर्टलने विचारलं — 'हा आशय कायमचा नष्ट होईल. नक्की?' त्या लिखाणाबद्दल आजवर मला कोणी काही विचारलं असेल तर ते एवढंच.

'होय' दाबलं. साहेबांची पीडीएफ चढवली, अंगठ्यासकट. घ्या! तुमच्या लायकीचं तेच आहे.

सिम यांना परत दिलं. यांनी आज थट्टासुद्धा नाही केली.

७ सप्टेंबर

शिक्षण परिषदेत तुळसाबाई भेटली, नदीकाठच्या शाळेवरची. मला बघून धावतच आली.

"मॅडम, घटक चार कुठी गेला जी? मी तं पोरांले त्यातूनच शिकवून राहिली होती. तीन भावाची बांधी, चार भावाची बांधी — असं पटकन समजलं त्याइले! आमच्याकडचे सर्वेच त्यातून शिकवत. काहून काढला?"

मी विचारलं, सगळा वाचला होतास?

"वाचला म्हंजे! त्यात त्या चोरट्याचा नंबर नोहता काय? चायचं बक्षीस म्हणे! मधुकरराव सरांनीच पहिले पकडला. लगेच ग्रुपवर टाकलं — कोनी फोन नोका लावू, बँकेतले पैसे जातीन. साहेबांले नाही सांगतलं, उगाच घटक बंद करतीन म्हणून." मग मलाच विचारलं, "तुमी नाही काय जी त्या ग्रुपवर?"

नाही. समन्वयकाला तिथे कोण घेतं!

"परत टाका न मॅडम," म्हणाली.

कुठून टाकू?