जांभळं पाणी आकाशी होईपर्यंत

मी, खाली डाव्या हाताचा अंगठा उठवणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वीचा व्यवसाय इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुणे, सध्याचा व्यवसाय घरातल्यांच्या कामात खोड काढणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पुरत्या शुद्धीत सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षरओळख नाही. लिहिणारे तळमजल्यावरचे निवृत्त कारकून आहेत. मध्येमध्ये 'सदरहू' येईल ते त्यांचं, बाकी सगळं माझं. आजपासून नवव्या दिवशी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. मी घाबरलेली नाही. पण माशांच्या पेटीचं काम अर्धवट आहे, म्हणून हा खटाटोप.

कलम १. दोन खोल्यांचं घर मुलाला आणि मुलीला निम्मं-निम्मं. खिडकीची बाजू कोणाची, यावर भांडायचं असेल तर आत्ताच भांडावं, म्हणजे मलाही ऐकता येईल.

कलम २. बँकेत जे असेल ते नातीच्या शिक्षणाला. त्यातून मोबाईल घेतला तर मी जिथे असेन तिथून ओरडेन.

कलम ३. माझी शिडी चार वर्षं शेजारणीकडे आहे. ती मी तिलाच दिली. आता ती परत न करण्यात तिला काही मजा येणार नाही.

कलम ४. सदरहू माशांची काचेची पेटी, पंप, पाणी गाळायचा स्पंज आणि पाणी तपासायच्या बाटल्यांसह, सुनेला. सुनेचं आणि माझं कधीच पटलं नाही असं लोक म्हणतात. पटलं नाही हे खरं, 'कधीच' हे खोटं. पेटी मुलाला देत नाही, कारण त्याला धीर नाही. पाणी भरलं त्याच संध्याकाळी तो गोल्डफिश आणायला निघाला होता. मी रिकाम्या पेटीत चिमूटभर खाणं टाकते, तर म्हणाला, "आई, कोणाला भरवतेस गं?"

"तुझ्या बापाला," मी म्हटलं.

त्याच्यासाठी पुन्हा सांगते. ते खाणं कुजतं, त्याचं विष होतं. त्या विषावर जगणारे जंतू स्पंजात वस्ती करतात आणि त्याचं दुसरं विष करतात. मग दुसरी वस्ती होते, ती ते दुसरं विष खाते. दोन्ही वस्त्या जमेपर्यंत आत सोडलेला मासा म्हणजे खून. मला अक्षर कळत नाही, रंग कळतो. नळीत पेटीतलं पाणी घेऊन बाटलीतले थेंब टाकले की रंग येतो. पहिल्या नळीत हिरवा होता, तो पिवळा झाला, म्हणजे पहिलं विष गेलं. दुसरी नळी आज एकविसाव्या दिवशीही जांभळीच आहे. ती आकाशी होईपर्यंत मासा आणू नये. माझी झडप बसो वा न बसो.

कलम ५. आकाशी झाल्यावर मासे सुनेने निवडावेत. आधी पाच गप्पी, सगळे नर, नाहीतर महिन्याभरात पाळणाघर होईल. तीन आठवडे थांबून तळाशी फिरणारे बुटके कॅटफिश, सहा. ते एकटे राहिले तर खंगतात. गोल्डफिश नको, एवढ्या पेटीत तो मावत नाही. फायटर नको, गप्पींच्या शेपट्या ओरबाडतो. "घरात एक फायटर पुरे," असं सून म्हणाली तेव्हा तिने कोणाकडे पाहिलं, ते मी पाहिलं आहे.

कलम ६. हे कलम सांगताना कारकुनांनी दोनदा विचारलं, लिहू ना? लिहा. आमचे हे घड्याळं दुरुस्त करत. त्यांचीही एक पेटी होती. तिचा स्पंज तपकिरी, बुळबुळीत झालेला पाहून माझ्यातली धुलाईवाली जागी झाली. मी तो गरम पाण्यात, इस्पितळातल्या जंतू मारायच्या औषधाने धुतला आणि उन्हात वाळवून परत बसवला. आठवड्यात सगळे मासे मेले. ह्यांनी मासेवाल्याला धरलं, आजारी मासे दिलेस म्हणून. दोघं बालपणापासूनचे मित्र, ते बोलणं तुटलं ते तुटलंच. हे गेले तेव्हा तो दाराबाहेर उभा होता. आत ये म्हणायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

यंदा सुनेने पेटी मुद्दाम त्याच्याकडूनच आणली. पेटी पोचवायला आला तेव्हा त्याने तिला बजावलं, "स्पंज नळाखाली धुवायचा नाही, ती बुळबुळ म्हणजेच पेटीचा जीव." मी आतून ऐकलं. तेव्हा मला कळलं कोणी मारलं ते. तीन आठवडे झाले, मी त्याला सांगितलेलं नाही. म्हणून ह्यांनी स्वतः जुळवलेलं टेबलावरचं घड्याळ मी मासेवाल्याला देते. मासे मी मारले.

नोंद. मासेवाल्याला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. कारकुनांनी त्याच्यासमोर कलम ६ वाचलं आणि सांगितलं, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये. तो उठून गेला. आम्ही तासभर तसेच बसलो. मुलाने दोनदा मृत्युपत्रावरून विनोद केला, कोणी हसलं नाही.

मग तो परत आला. हातात पिशवी, पिशवीत त्याच्या दुकानातल्या सर्वांत जुन्या पेटीचा ओला, तपकिरी स्पंज. त्याने तो स्वतः आमच्या पेटीत बसवला. "वहिनी, चार दिवसांत आकाशी होईल. हात लावाल तर बघा."

"आणि मासे?" सुनेने कलम ५ पुढे केलं.

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "कारकुनांचं अक्षर मला लागत नाही. वहिनींनाच दुकानात यावं लागेल. बोटाने दाखवा, मी पकडतो."

कलम ७. सबब कलम ५ मधला मासे निवडण्याचा हक्क मी सुनेकडून काढून घेते. तो या मृत्युपत्राने कोणालाही जात नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी स्वतः दुकानात जाणार आहे.

वाचून दाखवलं, ऐकलं, पटलं.

निशाणी डाव्या अंगठ्याची

साक्षीदार १. (सही) वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण. प्रकृती तपासली, बुद्धी जरुरीपेक्षा जास्त शाबूत.
साक्षीदार २. (सही) समोरचा कुलूपवाला

ठिकाण: पुढची खोली, पेटीशेजारी
दिनांक: पाणी भरल्याचा एकविसावा दिवस