बंपरमधल्या पाचरी

आबा, तुम्ही चुकला होता. तोंडावर सांगितलं तेव्हा तुम्ही ऐकलं नाही, आता ऐकायला तुम्ही नाही, तरी लिहिते. सत्तरच्या दशकातली वर्षं, साताऱ्याचं आपलं गॅरेज, आणि तासगावकडच्या इनामदारांची ती जुनी, लांबलचक विलायती मोटार. जरा वेग घेतला की तिचं तोंड थरथरायचं. दिवे, मडगार्ड, बॉनेट, सगळं हिवताप भरल्यासारखं. तुम्ही टायर बदलले, स्प्रिंगचे पाटे बदलले, स्टिअरिंग खोललं. पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना लोखंडी डबे होते, आत स्प्रिंगवर टांगलेली जड वजनं. ती खडखडतात म्हणून तुम्हीच आदल्या वर्षी लाकडी पाचरी ठोकून गच्च केली होती. थरथर तेव्हापासूनची, हे मी कानीकपाळी ओरडत होते. गाडीचं तोंड वर उसळलं की ती वजनं उलटी खाली ओढायची; ती हलायला मोकळी होती म्हणूनच गाडी गप्प होती. तुम्ही म्हणालात, "हालतंय ते ढिलं, आन ढिलं ते कसायचं. पलटणीत हेच शिकलोय. तू च्या ठेव जा."

मग आली खंडेनवमी. हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून पाटावर मांडलेली. इनामदार दारात उभे आहेत. उद्या दसऱ्याला सांगलीत सोयरे जमायचेत, गाडी हवीच. तुम्ही हात जोडता, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई, सरकार." मी पाटावरचा पाना उचलते, छिन्नी उचलते, डबे उघडून एकूण एक पाचर उपटते. इनामदार कराडच्या रस्त्याला गाडी पळवून आले आणि हसतच उतरले. "दिवे जागचे हलले नाहीत हो!"

ते गेल्यावर तुम्ही म्हणालात, "गाडी झाली. पर पूजा बाटवलीस. उद्यापासनं गॅरेजात पाय ठिवायचा न्हाई."

"आवं आबा, मग देवाला थरथरती गाडी चालली असती व्हय?"

"लय शानी झालीस!"

दिवाळीला तुम्ही विट्याचं स्थळ आणलंत, मुलगा लांब कुठेतरी सोनं गाळायच्या धंद्यात. मी नाही म्हणाले. हातात पाना नसलेलं आयुष्य मला नको होतं, आणि तुमच्या घरात पाना पुन्हा हाती मिळणार नव्हता, म्हणून सांगलीला मामाकडे निघाले. तुम्ही स्टँडवरसुद्धा आला नाहीत. त्याचा राग आला होता, आजही आहे. देवाचा कोप वगैरे काही झाला नाही. माझं गॅरेज उभं राहिलं, आणि मिशांना पीळ देणारे ट्रकवालेही तिथं मुकाट्यानं थांबतात.

तुमच्या मागं सगळे म्हणाले, पाटीवर वडलांचं नाव घाल. मी माझं घातलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक कबूल करते. पेंटर गेल्यावर मी रस्ता ओलांडला, तुमच्याएवढी उंच व्हावी म्हणून समोरच्या ओट्यावर चढले, आणि ती पाटी तुमच्या डोळ्यांनी वाचून बघितली.