भाट्याच्या वाळूत फिरवलेला पंचा

रत्नागिरी,
मंगळवार, ता. २५ जानेवारी १९८३

तीर्थरूप आप्पामामांच्या चरणी भाचा धोंडूचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा, मामीचा दमा आणि गाभण म्हैस या तिघांची खुशाली सवडीने कळवावी. माझं विचाराल तर पोटऱ्या सोडून बाकी सगळा मी खुशाल आहे. (पोटऱ्यांपाशी तुमचं नाव काढलं की अजून गोळे येतात.)

मामा, महिन्यापूर्वी आपण भाट्याला बकुळाला पाहायला गेलो. कपाटावर तिने जिल्ह्यात धावून मिळवलेली ढाल दिसली मात्र, तुम्ही पोह्यांची बशीसुद्धा खाली न ठेवता तिच्या वडिलांना, केरूअण्णांना, सांगून टाकलंत की आमचा धोंडू रोज पहाटे चार मैल धावतो! लोट्याच्या कारखान्यात असताना कंपनीची बस डोळ्यांदेखत सुटली तरी ज्याने पाऊल उचललं नाही, त्याच्याबद्दल हे! मुलगी शांतपणे म्हणाली, "मग तेवीस तारखेच्या शर्यतीत धावा. पुरी केलीत तर माझा होकार." ती मला त्याच क्षणी आवडली, हे तुमच्यापाशी लपवत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन कॅनव्हासचे बूट घेतले.

एशियाड झाल्यापासून इथल्या तरुण मंडळींना धावण्याचं वेड लागलंय. पण जुन्या माणसांच्या मते शहाणा माणूस कारणाशिवाय धावतच नाही. मारुती मंदिरापाशी रोज कुणीतरी आडवं येऊन विचारतं, "काय झाला रे? कोन गेला?" मांडवीच्या बंदरावर येसूबाई म्हणून एक मासे विकणारी बाई टोपली उचलून माझ्यामागे धावत सुटली, कारण माणूस धावतोय म्हणजे होड्या लागल्या असा तिचा हिशेब. (होड्या नाहीत म्हटल्यावर परतीच्या वाटेभर शिव्या मला.) पण मामा, काय गाव आहे हे! भगवतीच्या किल्ल्यावर धापा टाकत पोचावं तर तिन्ही अंगांनी समुद्र. थिबा पॅलेसपाशी कडेला वाकून ओकावं (दोनदा), तर खाली काजळी नदी खाडी होऊन दर्याला भिडताना दिसते. पंधरा दिवसांत मला धावणं चक्क आवडायला लागलं. पुलावरून पहाटेचा वारा अंगावर आला की मी एकटाच हसतो, आणि लोक आणखीच काळजीने बघतात.

आता परवाच्या रविवारचं सांगतो. मारुती मंदिरापासून चाळीस जण सुटलो. उतारावर मी सतरावा होतो, सतरावा! भाट्याचा पूल ओलांडून वाळूत उतरलो. पलीकडे सुरूच्या बनापाशी शेवटची रेघ, आणि तिथे मुलींची शर्यत आधीच जिंकून बकुळा उभी. मला एकदम भरून आलं. घाम पुसायचा लाल पंचा काढला आणि डोक्यावर गरगर फिरवला.

चूक कळली ना, मामा? इथे रापण ओढतात. मासळीचा थवा दिसला की पाहणारा माणूस किनाऱ्यावरून धावत कापड फिरवतो. ती खूण मिळाली की होडी जाळं घेऊन सुटते, पाण्यात फेर धरते, आणि दोन्ही टोकांचे दोर माणसांनी वाळूतून ओढायचे. रापणीचा म्होरक्या विठू तांडेल, त्याची होडी सुटलीसुद्धा! मी दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणालो, तर मासळी भरपूर आहे असं समजून त्यांनी फेर आणखी मोठा धरला. आणि विठूचा रिवाज असा की ज्याने खूण दिली त्याने पहिला दोर धरायचा, जाळं वाळूवर येईपर्यंत सोडायचा नाही. दोर माझ्या हातात कोंबून तो म्हणाला, "सोडलास तर बघ! तुझ्या भरवशावर जाळा घातलाय." रेघ दोनशे पावलांवर होती. एकेक जण शेजारून पुढे गेला. शेवटी पोस्टातून निवृत्त झालेले आत्माराम गेले, तेही मला "चालू द्या" म्हणून. मी दोर ओढत होतो आणि मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात दोराला मागून आणखी दोन हात लागले. बकुळा!

"सोडून धावला का नाहीत?"

"तेवढ्या माणसांची मेहनत फुकट गेली असती."

तिने टाचा वाळूत रोवल्या. दोन तास आम्ही ओढत होतो. जाळं आलं तर बांगडाच बांगडा, खालची वाळू दिसेना! विठू सगळ्यांना सांगत सुटला, "नजर हाय पोराची!" (डोळ्यांत घाम गेल्यामुळे मला समुद्रसुद्धा धड दिसत नव्हता.) मग मात्र मी बकुळाला खरं सांगितलं, की रोज धावतो ही मामांची थाप होती. ती खूप हसली. म्हणाली, "ते पहिल्याच दिवशी पुलावर तुमचे कोरे बूट पाहिले तेव्हाच कळलं. शर्यत राहू दे. माझा होकार आहे." मामा, होकार!! मामीला आधी सांगा, मग म्हशीला.

तुमचा, आनंदाने अर्धा वेडा झालेला,
धोंडू

ता. क. : सगळं सुरळीत आहे, काळजी नसावी.

दुसरा ता. क. : खरं काम लिहायचं राहिलंच. आज केरूअण्णा कचेरीत आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रविवारी बागेत या. पायात दोर न घालता माडावर चढता म्हणे!" मामा, दोर न घालता? त्या दिवशी मी हात धुवायला गेलो होतो, तेवढ्यात तुम्ही त्यांना आणखी काय काय सांगितलंत, त्याची पूर्ण यादी उलट टपाली पाठवा.

तिसरा ता. क. : पाकीट चिकटवताना बकुळाची चिठ्ठी आली. सगळ्यात बुटका माड तिने हेरून ठेवलाय, तेव्हा रविवारची चिंता नाही. पण त्यापुढच्या रविवारसाठी अण्णांनी देवळातून मृदंग मागवलाय. पत्र नको, तार करा.